एलएल.एम.

एलएल.एम. ही कायद्याच्या अभ्यासातील पदव्युत्तर पदवी आहे. मराठीत तिला विधी पारंगत असेही म्हणतात. एलएल.बी. ही कायद्याची पहिली पदवी संपादन केल्यानंतर कायद्याच्या एखाद्या शाखेचा सखोल अभ्यास आणि संशोधन करण्यासाठी हा अभ्यासक्रम घेतला जातो. भारतात वकिलीची सनद मिळवण्यासाठी ही पदवी आवश्यक नाही. विधी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात कायमस्वरूपी अध्यापन करण्यासाठी मात्र ती आवश्यक असते. वकील, न्यायाधीश, कंपन्यांचे विधी अधिकारी आणि संशोधक हेही विशेष ज्ञान मिळवण्यासाठी हा अभ्यासक्रम पूर्ण करतात.

विशेष ज्ञानाची गरज केवळ महानगरांत असते असा सर्वसाधारण समज आहे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील जमीन, सहकार, पर्यावरण आणि वनहक्क यांविषयीचे वाद पाहता ही गरज तालुक्याच्या ठिकाणीही तितकीच असल्याचे दिसते. त्यामुळे या लेखात अभ्यासक्रमाच्या सर्वसाधारण माहितीबरोबरच या दोन तालुक्यांचा संदर्भही दिला आहे.

## नाव

एलएल.एम. हे लॅटिन भाषेतील 'लेगुम माजिस्तर' या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. त्याचा अर्थ 'कायद्यांचा पारंगत' असा होतो. लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवण्यासाठी शब्दाचे आद्याक्षर दोनदा लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे 'एल' हे अक्षर दोन वेळा येते. एलएल.बी. आणि एलएल.डी. या पदव्यांच्या नावांतही हीच पद्धत आढळते.

## भारतातील पार्श्वभूमी

मुंबईतील शासकीय विधी महाविद्यालयाची सुरुवात १८५५ साली झाली आणि मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासून कार्यरत आहे. या काळातील कायद्याचे शिक्षण मुख्यतः वकील व न्यायिक अधिकारी तयार करण्यासाठी होते. स्वातंत्र्यानंतर संविधान, कामगार कायदे, करविषयक कायदे आणि प्रशासकीय कायदा यांचा विस्तार झाला, तसे विशेष अभ्यासाचे महत्त्व वाढले. मुंबई विद्यापीठाचा विधी विभाग १९५९ साली स्थापन झाला.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिली व्यवसायाचे आणि त्यासाठी लागणाऱ्या शिक्षणाचे नियमन भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजेच बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवले. उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्याचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आहे. पदव्युत्तर विधी शिक्षण या दोन्ही संस्थांच्या कक्षेत येत असल्याने त्याच्या कालावधीविषयी आणि स्वरूपाविषयी मतभेद झालेले आहेत.

भारतात हा अभ्यासक्रम पूर्वी दोन वर्षांचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. पदव्युत्तर अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र, पुरेसा अध्यापकवर्ग आणि ग्रंथालय असलेल्या संस्थांनाच असा अभ्यासक्रम चालवता यावा, अशी त्यांत अपेक्षा होती. त्यानंतर राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी एक वर्षाचा अभ्यासक्रम स्वीकारला. बार कौन्सिलने जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांद्वारे एक वर्षाची पदवी बंद करून दोन वर्षांचाच अभ्यासक्रम ठेवण्याचे ठरवले. या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि एक वर्षाचे अभ्यासक्रम पुढेही चालू राहिले. पारंपरिक विद्यापीठांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रचलित आहे.

## प्रवेश

एलएल.एम. साठी तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची एलएल.बी. पदवी आवश्यक असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेश प्रामुख्याने 'क्लॅट' या सामाईक परीक्षेच्या पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेद्वारे होतात. ही परीक्षा राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ घेतो. तिच्यात दोन तासांत १२० वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रश्न न्यायनिर्णय, कायदे व अधिसूचना यांतील उताऱ्यांवर आधारलेले असतात. खुल्या प्रवर्गातील उमेदवारांना एलएल.बी. मध्ये किमान ५० टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के गुण आवश्यक असतात.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांची स्थापना २०१४ च्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ अधिनियमान्वये झाली. मुंबई विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि राज्यातील इतर विद्यापीठांची प्रवेशपद्धती स्वतंत्र असते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने, परवानगीशिवाय दिल्या जाणाऱ्या एलएल.एम. पदव्यांना मान्यता नसल्याचे बार कौन्सिलने २०२५ मध्ये स्पष्ट केले. नोकरी किंवा वकिली सांभाळून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासून पाहणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

## अभ्यासक्रम

एक वर्षाच्या अभ्यासक्रमात सामान्यतः तीन अनिवार्य विषय, सहा ऐच्छिक विषय आणि एक प्रबंधिका असते. संशोधनपद्धती व विधी लेखन, तौलनिक सार्वजनिक कायदा, आणि जागतिकीकरणाच्या काळातील कायदा व न्याय हे अनिवार्य विषय आहेत. ऐच्छिक विषय निवडलेल्या शाखेनुसार ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पुढील शाखांचा उल्लेख आहे:

* आंतरराष्ट्रीय व तौलनिक कायदा
* कंपनी व व्यापारविषयक कायदा
* फौजदारी व सुरक्षाविषयक कायदा
* कौटुंबिक व सामाजिक सुरक्षाविषयक कायदा
* सांविधानिक व प्रशासकीय कायदा
* विधी अध्यापनशास्त्र व संशोधन

याशिवाय पर्यावरण, बौद्धिक संपदा, मानवी हक्क आणि कर या विषयांतही अनेक विद्यापीठे विशेष अभ्यासाची सोय करतात.

एलएल.बी. मध्ये विद्यार्थ्याला अनेक कायद्यांची तोंडओळख होते. एलएल.एम. मध्ये कायद्यांची संख्या कमी आणि प्रश्नांची खोली अधिक असते. एखादे कलम काय सांगते याबरोबरच ते तसे का लिहिले गेले, न्यायालयांनी त्याचा अर्थ कसा बदलत नेला, दुसऱ्या कायद्याशी त्याचा विरोध आला तर कोणते कलम वरचढ ठरते आणि प्रत्यक्षात त्याची अंमलबजावणी कशी होते, यांचा अभ्यास अपेक्षित असतो. संशोधन दोन प्रकारचे असते. पहिल्यात कायदे व न्यायनिर्णय यांचे विश्लेषण केले जाते. दुसऱ्यात मुलाखती, कार्यालयीन नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे कायद्याचा समाजावर होणारा परिणाम तपासला जातो.

## पेण आणि रोहा तालुक्यांचा संदर्भ

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील तालुके आहेत. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. जिल्ह्याचे मुख्यालय व जिल्हा न्यायालय अलिबाग येथे आहे. पेण व रोहा येथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांची न्यायालये आहेत. या न्यायालयांतील वकिलाकडे जमिनीची वाटणी, पोटगी, धनादेश न वटणे, अपघात आणि फौजदारी खटले अशी सर्व प्रकारची कामे येतात. त्यामुळे तालुक्यातील वकिली ही स्वभावतःच सर्वसाधारण स्वरूपाची असते. मात्र पुढील विषयांत सर्वसाधारण ज्ञान अपुरे पडण्याची शक्यता असते.

### कूळहक्क व खारभूमी

कुलाबा जिल्ह्यात खोती पद्धतीविरुद्ध मोठा संघर्ष झाला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांनी संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. त्याआधी १९३५ पासून ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि १९४९ चा खोती निर्मूलन अधिनियम संमत झाला. १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरवून त्या दिवसापासून कुळांना जमिनीचे मालक मानण्याची तरतूद करण्यात आली.

या कायद्यांचे परिणाम आजच्या दाव्यांतही दिसतात. कूळवहिवाट अधिनियमाच्या कलम ८५ नुसार कूळहक्काविषयीचे प्रश्न ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही. दाव्यात असा प्रश्न उपस्थित झाल्यास कलम ८५अ नुसार तो महसुली प्राधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवावा लागतो. हा मुद्दा आरंभीच ओळखला गेला नाही, तर दावा अनेक वर्षे चालल्यानंतर पुन्हा तहसील कार्यालयाकडे जाऊ शकतो. सातबारा उतारा आणि फेरफार यांवरील एखादी जुनी नोंद अशा वेळी निर्णायक ठरते.

पेण तालुक्याच्या खाडीकाठच्या गावांत खारबंदिस्तीचे बांध घालून भातशेती केली जाते. या जमिनींना १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम लागू होतो. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले आणि जमीन दीर्घकाळ तशीच राहिली, तर तेथे कांदळवन वाढते. कांदळवनाचे क्षेत्र किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार अतिसंवेदनशील मानले जाते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात कांदळवनांचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भंग ठरवला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. सातबाऱ्यावर शेतजमीन असलेल्या खातेदाराला आपली जमीन पुन्हा लागवडीखाली आणता येईल का, या प्रश्नात महसूल, खारभूमी, किनारा नियमन आणि वन असे चार प्रकारचे कायदे एकत्र येतात.

### भूसंपादन

पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील ४५ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र प्रस्तावित होते. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमानंतर आलेल्या या प्रकल्पाला शेतकऱ्यांनी विरोध केला. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांनी या आंदोलनात प्रमुख भूमिका बजावली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. प्रकल्पासाठीचे भूसंपादन पूर्ण झाले नाही.

त्या वेळी १८९४ चा भूसंपादन अधिनियम लागू होता. त्याच्या कलम ५अ नुसार जमीनधारकाला हरकत नोंदवून सुनावणी मागता येत असे, तर कलम ११अ नुसार घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा जाहीर न झाल्यास संपादनाची कार्यवाही रद्द होत असे. मुदतींचे हे ज्ञान शेतकऱ्यांसाठी महत्त्वाचे होते, कारण ठरावीक दिवसांत हरकत नोंदवली नाही तर ती संधी परत मिळत नसे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती अशा तरतुदी आल्या. भूसंपादनाचा इतिहास व तुलना हा त्यामुळे सांविधानिक आणि प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासकांचा महत्त्वाचा विषय बनला आहे.

### सहकारी बँका

पेण येथील पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये निर्बंध घातले. ठेवीदारांना त्यानंतर दीर्घकाळ न्यायालयीन आणि प्रशासकीय पाठपुरावा करावा लागला. अशा प्रकरणात १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९४९ चा बँकिंग नियमन अधिनियम, १९६१ चा ठेव विमा अधिनियम, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा अधिनियम आणि काळा पैसा वैध करण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा अधिनियम असे अनेक कायदे विचारात घ्यावे लागतात. कर्जदारांकडून वसुली कोणी करायची, जप्त मालमत्तेवर पहिला हक्क कोणाचा आणि ठेवीदाराने कोणत्या प्राधिकाऱ्याकडे जायचे, हे प्रश्न त्यांतून निर्माण होतात.

सहकारी बँकांवर राज्याचा अधिकार किती आणि केंद्राचा किती हा सांविधानिक प्रश्नही येथे उपस्थित होतो. पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये सहकारी बँकांना थकीत कर्जवसुलीचा 'सरफेसी' कायदा लागू होतो असा निर्णय दिला. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. पेण येथील निर्बंधांच्या वेळी ती एक लाख रुपये होती.

### औद्योगिक प्रदूषण

रोह्याजवळ धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे रासायनिक कारखाने आहेत. रोहा शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि त्यांत कुंडलिकेचाही समावेश होता.

नदीप्रदूषणाच्या तक्रारीसाठी १९७४ चा जल अधिनियम, १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आणि २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम हे प्रमुख कायदे आहेत. हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे आहे. पर्यावरणविषयक वादाचा अर्ज मूळ कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, तर नुकसानभरपाईचा अर्ज पाच वर्षांत करावा लागतो. न्यायाधिकरणात न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही असतात. त्यामुळे तेथे युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला पाण्यातील प्राणवायूची मागणी, सांडपाण्याचे नमुने घेण्याची पद्धत आणि प्रयोगशाळेचे अहवाल समजून घ्यावे लागतात. घातक उद्योगाने झालेल्या हानीबद्दल निरपवाद दायित्वाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या खटल्यात मांडले. दिल्लीतील ओलियम वायूच्या गळतीनंतर पुढे आलेले हे तत्त्व रासायनिक वसाहतींच्या परिसरात विशेष महत्त्वाचे आहे.

### गणेशमूर्ती व्यवसाय

पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही परिसरातील गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी मूर्तिविसर्जनाविषयी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचे निर्देश दिले. पुढे ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांत त्यांच्या विसर्जनास न्यायालयाच्या परवानगीशिवाय मनाई कायम ठेवली. मूर्तिकारांचे काम वर्षभर चालते. निर्णय येईपर्यंत हंगामातील मूर्ती घडवून झालेल्या असतात. मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ किती, व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध कोणते आणि पर्यावरणरक्षणाचा भार कोणावर टाकावा, हे या प्रकरणातील मूळ प्रश्न आहेत.

### आदिवासींचे जमीन व वनहक्क

दोन्ही तालुक्यांत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे १९९६ चा 'पेसा' कायदा येथे लागू नाही. २००६ चा वनहक्क कायदा मात्र लागू आहे. तसेच आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ने घातलेले निर्बंधही लागू आहेत. कोणता कायदा कोठे लागू होतो हा फरक वरवर पाहता लहान दिसतो. ग्रामसभेच्या अधिकाराचा आधार कोणत्या कायद्यात शोधायचा, हे मात्र त्यावरच ठरते.

## शिक्षणाची उपलब्धता

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्यात अलिबाग येथे ॲड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आणि नवीन पनवेल येथे भागूबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे. पेण आणि रोहा ही दोन्ही स्थानके पनवेल–रोहा लोहमार्गावर आहेत. रोहा येथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते. पेण मुंबई–गोवा महामार्गावर असल्याने तेथून पनवेल व मुंबई या दोन्ही दिशांना जाणे तुलनेने सोपे आहे. रोह्याहून हे अंतर अधिक पडते.

पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी मुंबई किंवा पुण्यात राहण्याचा खर्च आणि त्या काळात थांबणारी मिळकत या विद्यार्थ्यांपुढील प्रमुख अडचणी असतात. तालुका न्यायालयात नुकतीच वकिली सुरू केलेल्या व्यक्तीला एक किंवा दोन वर्षे दूर राहिल्यास मिळालेले पक्षकारही गमवावे लागू शकतात. परदेशातील अभ्यासासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना उपलब्ध आहे. ब्रिटन व अमेरिकेतील एलएल.एम. साधारणपणे एक वर्षाचे असते.

## भाषेचा प्रश्न

महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. यासंबंधीची शासकीय अधिसूचना २१ जुलै १९९८ रोजी निघाली. उच्च न्यायालयाची व सर्वोच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी आहे. एलएल.एम. चे बहुतेक संदर्भग्रंथ आणि न्यायनिर्णय इंग्रजीत असतात. पेण किंवा रोहा येथील प्रश्नावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र सातबारा, फेरफार, ग्रामसभेचे ठराव आणि साक्षीपुरावे मराठीतूनच वाचावे लागतात.

या स्थितीत दोन्ही भाषांवर प्रभुत्व असणे हेच एक विशेष कौशल्य ठरते. 'वहिवाट', 'कब्जेदार', 'इनाम', 'पोटखराबा' यांसारख्या महसुली शब्दांना इंग्रजीत नेमके प्रतिशब्द मिळतातच असे नाही. चुकीच्या भाषांतरामुळे हक्काचे स्वरूपच बदलू शकते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेला न्यायव्यवहार कोश या कामी उपयोगी पडतो.

## व्यावसायिक उपयोग

अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ नुसार सनदेसाठी कायद्याची पदवी पुरेशी आहे. एलएल.एम. झालेल्या वकिलाला न्यायालयात कोणताही वेगळा अधिकार मिळत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १६ मध्ये वरिष्ठ अधिवक्ता हा दर्जा देताना पात्रता, वकिली व्यवसायातील स्थान आणि कायद्यातील विशेष ज्ञान किंवा अनुभव विचारात घेण्याची तरतूद आहे. परंतु हे विशेष ज्ञान कोणत्याही पदवीशी जोडलेले नाही.

अध्यापनासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, अथवा नियमांनुसार मिळालेली पीएच.डी. आवश्यक असते. वकिली करणाऱ्या व्यक्तीला दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन करण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिली आहे. त्यामुळे तालुक्यात वकिली करून जवळच्या विधी महाविद्यालयात शिकवणे शक्य होते.

न्यायिक सेवेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. एलएल.एम. चे शिक्षण हा या अनुभवाला पर्याय नाही. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षण आणि वकिली यांचा क्रम त्यामुळे विचारपूर्वक ठरवावा लागतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये तालुका स्तरावर विधी सेवा समित्या कार्यरत आहेत. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना या अधिनियमाच्या कलम १२ नुसार विनामूल्य विधी सेवा मिळू शकते. या कामात सहभागी होणाऱ्या वकिलाचे विशेष ज्ञान तज्ज्ञ वकिलाचे शुल्क न परवडणाऱ्या पक्षकारांपर्यंत पोहोचते.

## मर्यादा व टीका

एलएल.एम. अभ्यासक्रमावर मुख्यतः तीन प्रकारची टीका केली जाते. पहिली, अनेक ठिकाणी अभ्यास व्याख्याने आणि लेखी परीक्षा यांपुरता मर्यादित राहतो आणि प्रत्यक्ष कौशल्यांना पुरेसा वाव मिळत नाही. दुसरी, एक वर्षाचा कालावधी गंभीर संशोधनासाठी अपुरा असल्याचे काही अभ्यासक मानतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमामुळे खर्च वाढतो आणि विद्यार्थी परदेशाकडे वळतात, असे इतरांचे म्हणणे आहे. तिसरी, पदवीनंतरच्या संधी मोठ्या शहरांत एकवटलेल्या असल्याने लहान गावांतून गेलेले विद्यार्थी बहुधा परत येत नाहीत.

यांपैकी तिसरा मुद्दा पेण आणि रोहा यांसारख्या तालुक्यांशी थेट संबंधित आहे. भूसंपादन, प्रदूषण किंवा बुडालेल्या ठेवी यांसारख्या प्रकरणांची अंतिम सुनावणी मुंबई, पुणे किंवा दिल्ली येथे होत असली, तरी त्यांतील पहिली हरकत, पहिला पंचनामा आणि पहिला अर्ज तालुक्यातच तयार होतो. त्या टप्प्यावर राहिलेली त्रुटी वरच्या न्यायालयात भरून काढणे अनेकदा कठीण असते. त्यामुळे तालुका स्तरावर एखाद्या शाखेत पारंगत असलेला वकील उपलब्ध असणे, हे तेथील पक्षकारांच्या दृष्टीने पदवीच्या इतर लाभांइतकेच महत्त्वाचे ठरते.